हायकू चालतो, मांगा का नको? : हौशी चित्रकथा आणि समीक्षेचा एक पूर्वग्रह

देवळीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकविणाऱ्या माणसाकडे विद्यार्थी येतात ते कविता दाखवायला; क्वचित एखादी कथा. काही महिन्यांपूर्वी पदवीच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मोबाइल घेऊन आली आणि तिने स्वतः काढलेली, भागाभागांनी आंतरजालावर प्रसिद्ध केलेली चित्रकथा माझ्यापुढे धरली. कथा साधी आहे. वेचणी संपली आहे, भाव पडलेला आहे, आणि तो चढेल या आशेने बापाने कापूस घरातल्या एकुलत्या एका खोलीत रचून ठेवला आहे. कुटुंब त्याच खोलीत झोपते आणि रात्रभर अंग खाजवते. संवाद आमच्याकडच्या बोलीतले आहेत. ‘कवा इकाचा व माय हा कापूस?’ हे त्यांतले सर्वांत लांब वाक्य. चित्रे मात्र जपानी मांगाच्या वळणाची आहेत : मोठे डोळे, निमुळती हनुवटी, एकापाठोपाठ येणाऱ्या निःशब्द चौकटी.

तिच्या संमतीने मी ही चित्रकथा एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी पाठविली. परीक्षकांचा अभिप्राय एका ओळीचा होता : भाषा अस्सल, चित्रे नकली, आपल्या मातीतली शैली वापरावी. मुलगी आज्ञाधारक निघाली. पुढचा भाग तिने वारली पद्धतीच्या त्रिकोणी आकृत्यांत काढला. तो भाग निर्जीव आहे, आणि हे तिलाही कळले आहे.

हा अभिप्राय एका परीक्षकाची चूक असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु मांगाच्या वळणाने चित्रकथा काढणाऱ्या हौशी मुलामुलींविषयी आपल्या वाङ्मयीन वर्तुळात जे बोलले जाते, त्याचा हा नेमका सारांश आहे. ही चित्रे परकी, म्हणून नकली, आणि म्हणून ती वाचण्याचीही गरज नाही, अशी ही तीन पायऱ्यांची मांडणी असते. माझे म्हणणे असे की, या आक्षेपाचा परकेपणाशी फारसा संबंध नाही. चित्रमालिका वाचण्याची साधने आपल्या समीक्षेने कधी घडविलीच नाहीत. या उणिवेवर देशीयतेचे पांघरूण घातले जात आहे.

प्रथम परकेपणाचा मुद्दा तपासू. जपानी असणे हाच दोष असेल, तर हायकूचे काय करावयाचे? शिरीष पै यांनी हा काव्यप्रकार मराठीत रुजविला. तो इंग्रजी अनुवादांच्या वाटेने आला, सतरा ध्वनिघटकांचा मूळ दंडक त्याने येथे काटेकोरपणे पाळला नाही, आणि तरीही तो मराठीचा झाला. त्याच्या अल्पाक्षरत्वाची, त्यातील क्षणाच्या पकडीची, त्याने मोकळ्या ठेवलेल्या जागेची चर्चा आपण आदराने करतो. म्हणजे जपानी कवीने सोडलेली रिकामी जागा आपल्याला दिसते. जपानी चित्रकाराने चौकटीत सोडलेली तशीच रिकामी जागा मात्र दिसत नाही. भेद देशाचा नाही, मार्गाचा आहे. हायकू पुस्तकातून आणि प्रतिष्ठित कवयित्रीच्या हातून आला. मांगाचे वळण आले ते दूरचित्रवाणीवरील हिंदीत ध्वनिमुद्रित केलेल्या मालिकांतून, मोबाइलच्या पडद्यावरून आणि शाळकरी मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानांवरून. त्याला प्रस्तावना लिहायला कोणी नव्हते.

देशीयतेचा हा युक्तिवाद वर्धा जिल्ह्यात केला जावा, यात तर विशेष गंमत आहे. ज्या तीन माकडांना आपण निःशंकपणे ‘गांधीजींची माकडे’ म्हणतो, तो मूलतः जपानी चित्रसंकेत आहे. निक्को येथील तोशोगू मंदिरातील सतराव्या शतकातले कोरीवकाम हे त्याचे सर्वाधिक प्रसिद्ध रूप. ‘न पाहणे, न ऐकणे, न बोलणे’ यांतील नकाराचा जपानी प्रत्यय आणि ‘माकड’ या अर्थाचा जपानी शब्द यांच्या उच्चारसाम्यातून साधलेला श्लेष त्याच्या मुळाशी आहे. तो श्लेष मराठीत उतरतच नाही. तरीही संकेत उतरला. फुजी गुरुजी म्हणून ओळखले जाणारे जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले, आणि पुढे त्यांच्या पंथाचा जपानी मंत्र सेवाग्रामच्या आश्रमीय प्रार्थनेच्या आरंभी आला. वर्ध्यात गीताई मंदिराशेजारी विश्वशांती स्तूप उभा आहे. स्वदेशीच्या या भूमीला जपानी चिन्हांचे वावडे कधीच नव्हते. मग देवळीच्या मुलीने काढलेल्या दोन डोळ्यांचेच वावडे का असावे?

कलेच्या इतिहासात थोडे मागे गेले तर ‘आपली मातीतली शैली’ ही कल्पना आणखी अडचणीत येते. आपल्या देवघरांतील लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरींना जो देह आहे, तो राजा रविवर्म्याने युरोपीय तैलचित्रांच्या शिस्तीतून घडविला, आणि १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या शिळाछापखान्याने तो घराघरांत नेला. या ‘परक्या’ शैलीविरुद्ध बंड म्हणून बंगाली चित्रकारांनी स्वदेशीचा झेंडा उभारला. परंतु अवनींद्रनाथ ठाकुरांचे १९०५ मधील ‘भारतमाता’ हे चित्र ज्या धूसर जलरंगी पद्धतीने रंगविले आहे, तिच्यामागे १९०३ मध्ये कलकत्त्यास आलेल्या योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो या जपानी चित्रकारांचा सहवास आहे. स्वदेशी चळवळीची प्रतिमा बनलेले चित्रच अशा रीतीने जपानकडून घेतलेल्या तंत्रात साकारले. त्यामुळे ते कमी भारतीय ठरले काय?

आणि ज्या शैलीला आपण ‘जपानी’ म्हणून एका शब्दात निकालात काढतो, ती तरी कितपत शुद्ध आहे? आधुनिक मांगाचा पाया घालणारे ओसामु तेझुका (१९२८–१९८९) हे डिस्नीच्या चित्रपटांचे निस्सीम चाहते होते. त्यांच्या पात्रांचे मोठे डोळे अमेरिकन व्यंगचित्रपटांतून आले आहेत. त्यांचे ‘शिन ताकाराजिमा’ हे १९४७ मधील गाजलेले पुस्तक ओसाकाच्या अत्यंत स्वस्त, प्रतिष्ठितांनी नाक मुरडावे अशा बाजारी प्रकाशनांपैकी होते. याच तेझुकांनी १९७२ ते १९८३ या काळात बुद्धाचे चरित्र चित्रकथेतून मांडले. अमेरिकेतून निघालेली रेषा जपानमध्ये वळण घेते, शाक्यांच्या भूमीची कथा सांगते आणि अखेर विदर्भातल्या एका मोबाइलवर येऊन कापसाच्या ढिगाशेजारी बसते. या प्रवासाच्या नेमक्या कोणत्या मुक्कामावर ‘अस्सल’ची जकात वसूल करावयाची, हे आक्षेपकांनी सांगावे.

येथे देशीवादाचा आधार घेतला जाईल, हे मी जाणतो. परंतु भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीत देशीकरण या प्रक्रियेला जागा आहे. बाहेरून आलेले येथल्या भूमीत रुजते की नाही, हा तिचा प्रश्न आहे. बाहेरून काही येऊच नये, असा तिचा आग्रह नाही. एका गंभीर संकल्पनेचा वापर तपासनाक्यासारखा करणे हा त्या संकल्पनेवरच अन्याय आहे.

परीक्षकांनी सुचविलेल्या पर्यायाकडेही पाहिले पाहिजे, कारण पूर्वग्रहाचे खरे रूप तेथे उघड होते. वारली चित्रे ही पालघर-डहाणू भागातील एका आदिवासी समाजाची, लग्नविधीशी निगडित अशी भित्तिचित्रे. जिव्या सोमा म्हशे यांच्यासारख्या कलावंतांमुळे ती १९७० नंतर कागदावर आली आणि जगभर गेली. काही जण चित्रकथीचे नाव घेतात. ती सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची परंपरा : पोथीतील एकेक चित्र समोर धरून गात गात कथा सांगावयाची. दोन्ही परंपरा थोर आहेत. पण देवळीच्या शेतकरी घरातील मुलीशी त्यांचे नाते काय? पिंगुळी तिने पाहिलेली नाही. तोक्योही पाहिलेले नाही. परंतु तोक्योची चित्रे तिच्या लहानपणी रोज दुपारी तिच्या घरी येत होती. तिच्या पिढीला ‘डोरेमॉन’ जितका परिचित आहे, तितकी चित्रकथी नाही. हे दुर्दैव असेल, पण ते तिचे अपराधपत्र नव्हे. उलट, ज्या समाजाचा आपण नाही त्याच्या विधिचित्रांतील आकृत्या ‘आपल्या मातीतल्या’ म्हणून सहज उचलाव्यात, या सल्ल्यात जी बेफिकिरी आहे, ती कोणत्याही मांगा-अनुकरणापेक्षा अधिक गंभीर आहे. महाराष्ट्र नावाच्या नकाशात बसते म्हणून प्रत्येक शैली प्रत्येकाची होत नाही.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मांगा ही केवळ शैली नाही. तिच्यामागे प्रचंड उद्योग आहे, आणि ‘कूल जपान’ या नावाने जपानी शासनाने तिचा जाणीवपूर्वक प्रसारही केला आहे. चित्रे काढण्याच्या संगणकीय साधनांत तिचे ठोकळे तयार मिळतात. चेहरा काढण्याऐवजी निवडता येतो. हायकूमागे असा उद्योग नव्हता, हे मान्य. पण उद्योगाचा हा निकष आपण पूर्वी कधी लावला? १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून वेताळ मराठीत आला तो एका अमेरिकन वितरणसंस्थेचा माल म्हणूनच, त्यातील आफ्रिकेचे चित्रण वसाहतवादी होते. त्याविषयी आज आपण स्मरणरंजनाने लिहितो. १९९० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर ज्या मोगलीने घराघरांत वेड लावले, ती मालिकाही १९८९ ची जपानी निर्मिती होती. मोगलीचे अरण्य आमच्या शेजारच्या सिवनीचे, आणि त्याचा चेहरा जपानी. तेव्हा कोणी तक्रार केली नाही, कारण तेव्हा आपण केवळ प्रेक्षक होतो. परक्या शैलीचे ग्राहक होणे आपल्याला खुपत नाही; आपल्यापैकी कोणी तिचा कर्ता झाला की खुपते.

आता मूळ चित्रांकडे वळू, कारण समीक्षेचे काम तेथे सुरू होते. विद्यार्थिनीच्या कथेत एकापाठोपाठ पाच निःशब्द चौकटी आहेत : छताला लागलेला कापसाचा ढीग, वीज गेल्याने थांबलेला पंखा, झोपेत खाजविणारा लहान भावाचा हात, आईचे उघडे डोळे, पुन्हा ढीग. या चौकटींत घटना पुढे सरकत नाही. एकच रात्र पाच बाजूंनी पाहिली जाते. स्कॉट मक्लाउड यांनी ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ (१९९३) या ग्रंथात चौकटींमधील संक्रमणांचे वर्गीकरण करताना, एकाच स्थळाच्या वा मनःस्थितीच्या विविध अंगांवर नजर फिरविणारे संक्रमण जपानी चित्रकथांत ठळकपणे आढळते, हे दाखवून दिले. पाश्चात्त्य साहसकथांची रीत कृतीकडून कृतीकडे जाण्याची. भाव चढण्याची वाट पाहणाऱ्या घरात कृती कोठून आणावयाची? वाट पाहणे हाच जेथे आशय आहे, तेथे ही संथ, अनेकांगी रीत आशयाने मागून घेतलेली आहे. आईच्या मोठ्या डोळ्यांत ढिगाचे पांढरे प्रतिबिंब आहे; डोळे लहान असते तर ते प्रतिबिंब मावले नसते. परीक्षकांनी डोळ्यांचा आकार पाहिला. डोळ्यांत काय आहे ते पाहिले नाही. ‘भाषा अस्सल, चित्रे नकली’ या विधानाचा अंतर्विरोध येथेच आहे. त्या पाच चौकटींत भाषा नाहीच. तेथे जे काही अस्सल आहे, ते सर्व चित्रांत आहे.

याचा अर्थ त्या चित्रकथेत दोष नाहीत, असा नव्हे. ते आहेत, आणि मी तिला सांगितलेही. मुलगी शाळेत जाते त्या प्रसंगी तिच्या गणवेशाला जपानी शाळांतील खलाशी पद्धतीची कॉलर आहे. मैत्रिणी निरोप घेतात तेथे फिकट गुलाबी पाकळ्या गळतात. ज्या जिल्ह्यात फाल्गुनात पळस पेटतो, तेथे या पाकळ्या कोणत्या झाडाच्या? संकोच दाखविण्यासाठी कपाळावर घामाचा तोच एक ठेंब सात ठिकाणी आला आहे, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात घामाला संकोचाचे चिन्ह मानणे म्हणजे वाचकाला बुचकळ्यात टाकणे. हे दोष जपानीपणाचे नाहीत. न पाहता काढल्याचे आहेत. कापसाचा ढीग तिने पाहिला होता, म्हणून परक्या रेषेतही तो खरा उतरला. पाकळ्या तिने पाहिल्या नव्हत्या. उसन्या रेषेने पाहिलेले दाखविले की पाहणे टाळले, एवढाच निकष समीक्षेला पुरेसा आहे. तो वारली आकृत्यांनाही तसाच लागू पडतो, आणि म्हणूनच तिचा ‘सुधारलेला’ भाग त्यात नापास होतो.

हा निकष लावण्यासाठी चौकट, रेषा, रिकामी जागा आणि क्रम यांविषयी बोलण्याची मराठी परिभाषा हवी. ती नाही. कवितेतील प्रतिमेवर आपण शेकडो पाने लिहिली. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चित्रांमध्ये काय घडते, यावर आपल्या अभ्यासक्रमांत जवळजवळ काहीच नाही. मराठीला चित्रकथीची परंपरा आहे, असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी त्या परंपरेतून अशी परिभाषा घडविली असती, तर आज देवळीच्या मुलीला सांगण्यासारखे आपल्यापाशी काही असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या वर्ध्यात भरले, तेव्हा ही मुलगी वीस किलोमीटरांच्या आत होती. ती साहित्यिक आहे असे तिला वाटत नाही. तसे वाटू न देण्यात आपला वाटा मोठा आहे.

परीक्षकांचे ते एक वाक्य तिने खरे मानले, ही माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत वाईट गोष्ट. मी तिला जुनी पाने परत काढून बसायला सांगितले आहे : डोळे राहू देत, पाकळ्या काढून टाक, आणि गणवेश तुझ्या शाळेचा कर. पुढचा भाग ती कशी काढते, हे तिचे काम. तो आला की नीट वाचणे हे आपले.