मिक्सरमध्ये पहिली पट्टी शाहिराची हवी

१४ एप्रिलला भिगवण असो की बारामती, भीमगीते दणक्यात वाजतात. पण शब्द किती जणांना कळतात? डीजेला नाक मुरडणाऱ्यांच्या सुरात मला सूर मिसळायचा नाही. आवाज कमी नको, शब्द स्पष्ट हवा.

संगीताच्या सॉफ्टवेअरमधला मिक्सर म्हणजे स्टुडिओतल्या जुन्या मिक्सरची नक्कल: उभ्या पट्ट्या, फेडर, मीटर. आपली पोरं आधी ड्रम आणि बेस लावतात, गायकाची पट्टी पार टोकाला जाते. टोकाला ढकललेल्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जाते, हे आपल्याला कुणी शिकवायला हवे का?

आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) ढोलकी-पेटीच्या साथीवर बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. तिथे वाद्य शब्दाच्या साथीला होते.

ही मांडणी बदलता येते. 'आर्डर' हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याचा कोडही खुला आहे. पहिली पट्टी शाहिराची, दुसरी कोरसची, मग ढोलकी, पेटी. सगळे ड्रम आणि बेस एका गटात, एकाच फेडरखाली. नावे मराठीत. हा साचा एकदा जतन करा आणि गावोगावच्या पोरांना फुकट वाटा.

मित्रांनो, येत्या जयंतीआधी एवढे तरी करू या.

जय भीम!