युनियनच्या वहीत काय लिहिलंय?

मा. कामगार आयुक्त,
महाराष्ट्र राज्य,
कामगार भवन, वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

महोदय,

मी तेहतीस वर्षं एका इंजिनिअरिंग कारखान्यात फिटर होतो. त्यातली एकोणतीस वर्षं युनियनचा सभासद. कारखान्याचं आणि युनियनचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर हे पत्र आमच्या सरचिटणीसांविरुद्धची तक्रार होऊन बसेल, आणि तो माणूस वाईट नव्हता. टाळेबंदीत माझ्या घरी दोन महिन्यांचं धान्य त्यानंच पोचवलं होतं.

पगारवाढीचा करार झाला की थकलेला फरक मिळायचा. फरकाच्या दिवशी अकाउंट्सच्या खिडकीशेजारी आमची कमिटी टेबल टाकून बसायची. माणशी दोन हजार, 'करार निधी'. गुलाबी पावती मिळायची, शिक्क्यासकट. आम्ही साडेआठशे जण होतो. म्हणजे एका दुपारी सतरा लाख. महिन्याची वर्गणी वेगळी, ती पगारातूनच कापली जायची. एका सर्वसाधारण सभेत मी उभा राहिलो आणि म्हटलं, या पैशाचा जमाखर्च एकदा वाचून दाखवा. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला आणि सरचिटणीसांकडे पाहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "ह्याला पर्सोनेलनं पाठवलाय!" सभा हसली. पुढे सहा महिने कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही.

आमच्या गल्लीतलं गणेश मंडळ विसर्जनानंतर आठ दिवसांत फळ्यावर हिशेब लावतं. मांडव, स्पीकर, फुलं, प्रसाद, शिल्लक. त्याच फळ्यासमोर उभं राहून आमच्या कमिटीतले दोघे मंडळाच्या पोरांना विचारायचे, "फुलांना एवढे कसे रे लागले?"

निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा मिळवून वाचला. कलम २० वर मी बराच वेळ थांबलो. युनियनच्या हिशेबवह्या आणि सभासदांची यादी बघण्याचा हक्क कुठल्याही सभासदाला आहे, इतकं साधं ते कलम होतं. सभेत मी भीत भीत जे मागितलं, ते मला कायद्यानं आधीच दिलेलं होतं. कलम २८ नुसार ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचा तपासलेला जमाखर्च रजिस्ट्रारकडे दरवर्षी पाठवावा लागे. राजकीय कामासाठी निधी वेगळा ठेवायचा आणि तो न देणाऱ्या सभासदाला कुठल्याही लाभातून वगळायचं नाही, हे कलम १६ मध्ये होतं. ते वाचून हसू आलं. पुढारी साहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स आमच्या गेटपासून हायवेपर्यंत लागायचे. ते कुठल्या निधीतून, असं विचारायची आमची छाती नव्हती.

हा कायदा कसा आला, हेही सांगायला हवं. मद्रासच्या बकिंगहॅम-कर्नाटिक गिरण्यांत १९१८ मध्ये बी. पी. वाडियांनी युनियन उभी केली. मालक हायकोर्टात गेले आणि वाडियांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. युनियन बांधणं हाच गुन्हा ठरू लागला, तेव्हा आपल्या ना. म. जोशींनी १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळात युनियनच्या नोंदणीसाठी आणि संरक्षणासाठी कायदा करण्याचा ठराव मांडला. कायदा व्हायला पाच वर्षं लागली. त्यानं नोंदणीकृत युनियनला कलम १७ आणि १८ मध्ये मोठं कवच दिलं. संपाची आखणी केली म्हणून कटाचा खटला नाही आणि मालकाचं नुकसान झालं म्हणून दिवाणी दावा नाही. आणि त्याच कायद्यात हिशेबाची कलमं घातली. कवच हवं असेल तर वही उघडी ठेवा, असा तो सौदा होता. कवच आमच्या नेत्यांना तोंडपाठ आहे.

त्याआधी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या मिलहँड्स असोसिएशनकडे निधी नव्हता, नियम नव्हते, सभासदांची यादीही नव्हती. पैसाच नसेल तर हिशेब कसला? आज तसं म्हणता येणार नाही.

आता तुमच्याकडे येतो. विवरण न पाठवणाऱ्या पदाधिकाऱ्याला या कायद्यात दंड होता पाच रुपये. चूक चालूच राहिली तर दर आठवड्याला आणखी पाच, आणि सगळा मिळून पन्नासच्या वर जायचा नाही. पन्नास रुपये १९२६ मध्ये दंड असतील. माझ्या नोकरीच्या अखेरीस तेवढ्यात कमिटीचा एका बैठकीचा चहा होत नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आणि आकडे हजारांत गेले, हे चांगलं झालं. पण मागणारं कुणी नसेल तर दंड लाखाचा केला तरी वसूल कसला होणार? विवरण वाचणाराच नसेल, तर न आलेलं विवरण कुणाला खटकणार? मान्यताप्राप्त युनियनचे हिशेब सरकारनं नेमलेल्या ऑडिटरकडून तपासून घेण्याची सोय तर आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यातच होती. आमच्या युनियनला मान्यता होती. असा ऑडिटर गेटच्या आत आलेला मी एकोणतीस वर्षांत पाहिला नाही.

यावर एक उत्तर मी शंभरदा ऐकलंय: "हिशेब उघडे केले तर मालकाच्या हातात कोलीत." मालकाला युनियनच्या तिजोरीत किती आहे ते कळलं, तर संप किती दिवस चालेल याचा त्याला अंदाज येतो, हे खरं आहे. ही भीती मी थट्टेवारी नेणार नाही. पण अमेरिकेतल्या मोटार कामगारांच्या युनियनचं काय झालं ते बघा. तिचे दोन माजी अध्यक्ष सभासदांचा पैसा व्हिला, गोल्फ आणि सिगारवर उडवल्याबद्दल तुरुंगात गेले. २०२१ मध्ये कोर्टाच्या हुकमानं युनियनवर देखरेख बसली, आणि अध्यक्ष थेट आपल्या मतांनी निवडायचा, असा कौल सभासदांनी दिला. त्या नाचक्कीनंतर युनियन बसायला हवी होती. २०२३ मध्ये तिनं फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलँटिस या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप पुकारला आणि करारभर मिळून पंचवीस टक्के पगारवाढ घेऊन आली. वही उघडी पडली म्हणून मालकाचं फावलं नाही. आमच्याकडे वही बंद होती, आणि शेवटच्या करारात आम्हाला काय मिळालं ते माझ्या पेन्शनला विचारा.

मालकाचं फावतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. हिशेब मागणारा पोरगा सभेत एकटा पडला की तो पुढच्या गेट मीटिंगला येत नाही. मग वर्गणी देतो, पण घोषणा देत नाही. त्याच्यासारखे दोनशे झाले, की व्यवस्थापनाला संपाची भीती उरत नाही.

तुम्ही फार काही करायला नको. युनियन तुमच्याकडे जी वार्षिक विवरणं पाठवतात, ती तुमच्या संकेतस्थळावर टाका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ चा रोख तोच आहे. ज्यांनी पाठवली नाहीत त्यांची नुसती नावं शेजारी लावा. आणि हिशेबवही दाखवायला नकार मिळालेल्या सभासदानं कुठं जायचं, ते एका कागदावर मराठीत छापून प्रत्येक कारखान्याच्या नोटीस बोर्डावर लावायला सांगा. कँटीनमध्ये एकटं बसण्याआधी त्या पोरानं तो कागद वाचलेला असू द्या.

माझ्याकडे त्या गुलाबी पावत्या अजून आहेत. पाच करारांच्या पाच. तुमचा माणूस तपासायला आला तर दाखवीन.

आपला,
एक निवृत्त फिटर