प्रत्येक ठोक्यावर कट कशाला?

ढोलावर थाप पडली की दृश्य बदलायचे, हा म्युझिक व्हिडिओच्या संकलनातला जणू कायदाच होऊन बसला आहे. गायिकेची एक ओळ पुरी होईतो ती गच्चीवर दिसते, मग समुद्रकिनारी, मग ड्रोनच्या उंचीवरून मुंगीएवढी. या रीतीचे समर्थक दोन गोष्टी सांगतात. हे माध्यम जन्मलेच वेगवान कटांतून, आणि आजचा प्रेक्षक एका शॉटवर थांबत नाही. दोन्ही दावे खोटे आहेत.

एमटीव्ही सुरू झाला 1 ऑगस्ट 1981 रोजी. त्याच्या कितीतरी आधी, 1965 मध्ये, लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमागच्या गल्लीत बॉब डिलन उभा राहिला आणि गाण्यातले शब्द लिहिलेले पुठ्ठे एकेक करून खाली टाकत गेला. डी. ए. पेनेबेकरने ते एकही कट न करता टिपले. त्याच्या आदल्याच वर्षी रिचर्ड लेस्टरने 'अ हार्ड डेज नाइट'मध्ये बीटल्सना मैदानात हुंदडायला लावून झपाझप कट केले होते, हेही खरे. म्हणजे दोन्ही घराणी सारखीच जुनी. त्यांतल्या एकालाच माध्यमाचा स्वभाव ठरवणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा आहे.

आणि प्रेक्षक? सिनेड ओ'कॉनरच्या 'नथिंग कम्पेअर्स टू यू'मध्ये बराच वेळ पडद्यावर फक्त तिचा चेहरा असतो. गाता गाता तिच्या डोळ्यांतून पाणी येते. 1990 चा सर्वोत्तम व्हिडिओ म्हणून पुरस्कार मिळाला तो याच कामाला, आणि देणारा होता खुद्द एमटीव्ही.

मग ही रीत एवढी रुजली कशी? कारण ती सोयीची आहे. कथापटात कट करताना पात्र कुठे उभे होते, हात कुठे होता, हे सांभाळावे लागते. इथे सलगपणा गाणेच सांभाळते. प्लेबॅकवर कलाकाराकडून तेच गाणे चार ठिकाणी म्हणवून घ्यायचे आणि तुकडे हवे तसे जोडायचे. संगणक ठोके आपोआप खुणावून देतो. लेस्टरचे कट त्या चौघांच्या उनाडपणातून आले होते; आजचे पुष्कळसे कट या खुणांवरून पडतात.

ठोका डोळ्यांना दाखवायला कट लागतोच असे नाही, हे मिशेल गाँद्रीने 2002 मध्ये सिद्ध केले. केमिकल ब्रदर्सच्या 'स्टार गिटार'मध्ये आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा प्रदेश आहे, दुसरे काही नाही. पण खांब, इमारती, पूल नेमके तालावर येतात. नवा आवाज शिरला की नवी वस्तू बाहेरून सरकू लागते. फ्रान्समधल्या नीम आणि व्हालाँस या शहरांदरम्यानच्या प्रवासाचे अनेक शॉट संगणकावर विणून हे घडवले, तरी सांधा कुठे दिसत नाही. गाण्याची रचनाच त्याने डोळ्यांपुढे मांडली. याला संकलन म्हणायचे!

तीनतालाच्या सोळा मात्रांत सम एकदाच येते. तबलजी सोळाही मात्रांवर सारखाच जोर देऊ लागला, तर समेला उरले काय? कटाचेही तसेच आहे. त्याने गाण्याची ओळ, गाणाऱ्याचा श्वास, अंतऱ्याचे वळण ऐकावे.

नृत्यात तर ठोक्यागणिक केलेला कट सरळ चोरी करतो. फ्रेड अस्टेअर आग्रह धरायचा की डोक्यापासून पायांपर्यंत पूर्ण शरीर चौकटीत हवे आणि कट कमीत कमी हवेत. आपल्याकडे विजय आनंदने 'ज्वेल थीफ'मध्ये (1967) वैजयंतीमालेच्या नृत्याभोवती कॅमेरा लांब लांब शॉटमध्ये फिरवला. तिची गिरकी सुरू कुठे झाली आणि संपली कुठे, हे प्रेक्षकाला कळते, म्हणूनच ती गिरकी तिची वाटते. कंबर, टाच आणि नजर यांचे तुकडे जोडून नर्तिका उभी राहत नाही.

शेवटची सबब पैशाची: लांब शॉट महाग पडतो म्हणे. कोल्डप्लेच्या 'यलो'मध्ये (2000) ख्रिस मार्टिन इंग्लंडमधल्या स्टडलंडच्या किनाऱ्यावर भिजलेल्या अंगाने एका शॉटमध्ये चालत येतो, बस्स. चित्रीकरणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवले, कॅमेराही दुप्पट चौकटी टिपत होता. त्यामुळे पडद्यावर चाल मंद झाली आणि ओठ मात्र सुरांशी जुळले. युक्ती साधी, पण तालीम पक्की हवी. आज एका गाण्यासाठी चार ठिकाणे आणि ड्रोन भाड्याने घेणाऱ्या मराठी निर्मात्यांनी तो खर्च कलाकाराच्या आठवडाभराच्या तालमीवर करून पाहावा.