पडद्यामागचा जमाखर्च

मुलगा संगणकापुढे बसला की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. शिकतो आहे की खेळतो आहे, हे बाहेरून कळत नाही. आमच्या जवळा बाजारातही आता घरोघरी हाच प्रश्न आहे. आमच्या पुतण्याने 'द मूव्हीज' नावाच्या खेळाची जुनी तबकडी मिळवली, तेव्हा त्यास रागावण्यापूर्वी खेळ काय आहे ते पाहावे म्हणून आम्ही चार रविवार त्याच्या शेजारी बसलो. दोनदा स्वतःही खेळलो. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून असल्याने आमचे लक्ष चित्रांपेक्षा आकड्यांकडे अधिक गेले.

इंग्लंडमधील लायनहेड स्टुडिओज या कंपनीने हा खेळ २००५ साली काढला. कंपनी २०१६ साली बंद पडली. खेळ मात्र जुन्या संगणकावर अजून चालतो. यात खेळणारा हा चित्रपट कंपनीचा मालक असतो. काळ १९२० पासून सुरू होतो. मोकळी जागा आणि थोडे भांडवल हाती मिळते. इमारती बांधायच्या, देखावे उभारायचे, नट, दिग्दर्शक, गवंडी आणि झाडूवाले नेमायचे, आणि चित्रपट काढायचे. तोच देखावा पुन्हा पुन्हा वापरला तर प्रेक्षक कंटाळतात. इमारतींची डागडुजी केली नाही तर त्या मोडकळीस येतात. पगार कमी वाटला की नायक रुसतो, दारूच्या आहारी जातो आणि चित्रीकरण अडते. चित्रपट पुरा होवो न होवो, पगारपत्रक मात्र थांबत नाही. स्थिर खर्च म्हणजे काय, हे महाविद्यालयात शिकायला आम्हास एक वर्ष लागले. पुतण्यास ते एका दुपारी समजले, कारण त्याची कंपनी बुडाली.

वाचकहो, ही गोष्ट केवळ खेळातली नाही. आपल्या महाराष्ट्रात ती प्रत्यक्ष घडली आहे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर हे चार कलावंत आणि भांडवल घालणारे सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार होते. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. त्याच वर्षी 'सैरंध्री' रंगीत करण्याचा प्रयत्न झाला, त्यासाठी जर्मनी गाठली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. तरी कंपनी खचली नाही. १९३६ सालचा 'संत तुकाराम' पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. नटापासून सुतारापर्यंत सर्व एका आवारात, महिन्याच्या पगारावर. पुढे भागीदार फुटले. शांताराम १९४२ साली बाहेर पडले. दामले १९४५ साली वारले. नटही एका कंपनीचा पगार सोडून चित्रपटागणिक रक्कम घेऊ लागले. अखेर प्रभातचे दार बंद झाले. खेळात कंपनी बुडाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते. खऱ्या कंपनीत पगारावर जगणारी कुटुंबे असतात, त्यांना पुन्हा सुरुवात करण्याची कळ मिळत नाही. हा फरक मुलांना सांगितलाच पाहिजे.

खेळातील एक गोष्ट आम्हास फार आवडली. कामासाठी माणसे रांगेत उभी असतात. माउसने माणूस उचलायचा आणि हव्या त्या खोलीत सोडायचा. झाडूवाला कोण, नायक कोण, हे त्याच्या जन्मावरून ठरत नाही. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या झाडूच दिला गेला, त्यांच्या घरातील मुलास ही रांग नुसती करमणूक वाटणार नाही.

पण दुसरी गोष्ट खटकली. तयार चित्रपटाला खेळ गुण देतो. नट नामवंत हवा, देखावा नवा हवा, यंत्रे अद्ययावत हवीत. या हिशेबाने नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ला किती गुण मिळाले असते? २०१३ सालच्या त्या चित्रपटात नायक अनोळखी शाळकरी मुलगा, देखावा साधे गाव, आणि विषय डुकरे धरावी लागणारे कुटुंब. पुढे २०१६ साली 'सैराट'मध्येही नवखीच मुले होती, आणि त्याने मराठी चित्रपटाच्या कमाईचे जुने हिशेब मोडून टाकले. कथा कोणाची आणि ती सांगतो कोण, याचा रकाना खेळाच्या खतावणीत नाही.

तो रकाना खेळणाऱ्यानेच भरला, याचेही उदाहरण आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये पॅरिसजवळ पोलिसांना टाळण्यासाठी विजेच्या उपकेंद्रात लपलेली दोन मुले विजेच्या धक्क्याने मेली आणि फ्रान्समध्ये दंगली उसळल्या. वस्तीतल्या तरुणांची बाजू कोणी मांडीना. तेव्हा ॲलेक्स चॅन या चिनी वंशाच्या फ्रेंच तरुणाने याच खेळातील बाहुल्या आणि अमेरिकी धाटणीचे देखावे वापरून 'द फ्रेंच डेमॉक्रसी' हा सुमारे तेरा मिनिटांचा चित्रपट केला. त्याच्यापाशी ना कॅमेरा होता, ना नट. तो चित्रपट जगभर पाहिला गेला. खेळात पैसा कमावणारे लाखो असतील, पण नाव राहिले ते ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही होते त्याचे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. खेळ हिसकावून घेऊ नका, वेळ ठरवून द्या, आणि शेजारी एक वही ठेवा. आपल्या गावातली दहा मिनिटांची कथा मुलाने, मुलीनेही, लिहावी. काम कोण करील, चहापाणी आणि गाडीभाडे किती, कोणाची मजुरी बुडेल, याचा रोजमेळ मांडावा. कॅमेरा आज मोबाईलमध्येच असतो. उणीव असते ती कथेची आणि हिशेबाची.

आणि ज्यास या वाटेने खरोखर जायचे आहे त्याने पदवी सोडू नये. पुण्यात प्रभातच्या त्याच आवारात १९६० साली सरकारी चित्रपट संस्था सुरू झाली. तेथील मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते, प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि राखीव जागाही असतात. एकेकाळी पाच भागीदारांच्या मालकीचे ते आवार आज परीक्षा देणाऱ्या कोणत्याही मजुराच्या लेकरास खुले आहे. तिथल्या रांगेत मात्र कोणी माउसने उचलून नेत नाही. आपल्याच पायांनी जाऊन उभे राहावे लागते.