गिअर ऑइल : वरून भरणं म्हणजे बदलणं नव्हे

इंजिन ऑइल आपण वेळेवर बदलतो. ट्रॅक्टरच्या गिअर बॉक्सचं तेल मात्र कमी झालं की वरून भरतो आणि गप्प बसतो. हे मला पटत नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रोलिक लिफ्ट आणि ऑइल ब्रेक तिन्ही त्याच तेलावर चालतात. तेल मेलं की तिन्हींना झळ.

कधी बदलायचं? सगळ्यांना एकच आकडा लागू नाही. पुस्तिकेत तास बघा आणि मीटर बघा. समजा 1000 तास दिलेत. वर्षाला 400 तास चालणारा घरचा ट्रॅक्टर अडीच वर्षांनी तिथं पोचतो, भाड्यानं रोटाव्हेटर मारणारा वर्षभरातच. पुस्तिकेत मुदतही असेल तर आधी येईल ते धरा.

भात चिखलणीवाल्यांनी मापपट्टी काढून बघावी. तेल दुधाळ दिसलं म्हणजे पाणी शिरलंय. मग तास मोजू नका, तेल बदला. सीलही तपासा, नाहीतर नवं तेलही तसंच होईल.

तेल गरम असताना काढा, फिल्टरही बघा. ग्रेड पुस्तिकेतलीच घ्या, दुकानदार म्हणतो ती नको. आणि काढलेलं तेल बांधावर ओतू नका, जमीन आपलीच आहे.