मुदतीचा दिवस

शहाड स्थानकाबाहेर रिक्षावाल्याला पत्ता सांगताना उल्हासनगरचा माणूस आजही गल्लीच्या आधी 'कॅम्प एक', 'कॅम्प तीन' असा क्रमांक सांगतो, आणि दुसऱ्या महायुद्धातील ज्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना आसरा मिळाला, तिची स्मृती या बोलण्यात नकळत जिवंत राहते. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिला उल्हास नदीचे नाव मिळाले. छावणीत हुकूम वरून येतो. नगरात कारभारी लोक निवडतात. छावणीचे नगर झाले याचा माझ्या लेखी हाच अर्थ आहे, आणि म्हणूनच मागील काही वर्षांत या परिसरात जे घडले ते मला सलते.

शेजारच्या अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर येथील नगरपरिषदांची निवडणूक 2015 च्या एप्रिलमध्ये झाली होती; पाच वर्षांची मुदत 2020 मध्ये सरली, आणि पुढचे मतदान झाले ते 2025 च्या डिसेंबरात. उल्हासनगर महानगरपालिकेचे सभासद 2017 च्या फेब्रुवारीत निवडून आले, त्यांची मुदत 2022 मध्ये संपली, आणि नव्या सभागृहासाठी मतदारांना 15 जानेवारी 2026 पर्यंत थांबावे लागले. प्रथम करोनाची साथ आडवी आली, नंतर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद उभा राहिला, त्यातून प्रभागरचनेचे नकाशे पुन्हा पुन्हा बदलले, आणि 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला तेव्हा कोठे सरकारी यंत्रणा हलली. यांतील कोणतेही कारण बनावट नव्हते, आणि आरक्षणाचा प्रश्न तर न्यायाचाच होता. परंतु मुदत सरण्यापूर्वी निवडणूक पुरी झालीच पाहिजे, असे 1993 च्या जूनपासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने निःसंदिग्ध शब्दांत बजावलेले असता, तो दंडक पाच वर्षे दप्तरात पडून राहतो आणि शहर चालूच राहते, ही सवय मला त्या सर्व कारणांहून अधिक घातक वाटते.

या संदर्भात अमेरिकेच्या गणराज्याची पहिली पंचवीस वर्षे वारंवार आठवतात. नव्या घटनेनुसार कारभार 4 मार्च 1789 रोजी सुरू व्हावा असे ठरले होते. पण रस्ते वाईट, अंतरे मोठी, म्हणून न्यूयॉर्कमध्ये गणपूर्तीस एप्रिल उजाडला आणि वॉशिंग्टन यांचा शपथविधी 30 एप्रिल रोजी झाला. तथापि त्यांची चार वर्षांची मुदत मोजली गेली ती 4 मार्चपासूनच. उशिराने गेलेले आठ आठवडे त्यांना शेवटी जोडून मिळाले नाहीत. पुढे 1800 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेफर्सन आणि बर यांना समसमान, त्र्याहत्तर मते पडली, निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला, आणि तेथे मतदानाच्या फेऱ्यांमागून फेऱ्या होऊनही निकाल लागेना. सत्ताधारी पक्ष सत्ता बळकावून बसेल या भीतीने काही राज्यांत शिबंदी जमवण्याच्या गोष्टी निघू लागल्या. अखेर छत्तिसाव्या फेरीत, 17 फेब्रुवारी 1801 रोजी, जेफर्सन निवडले गेले, आणि 4 मार्चच्या पहाटे पराभूत अध्यक्ष अ‍ॅडम्स राजधानी सोडून निघून गेले. तोपर्यंत सत्ताधारी पक्षाने निवडणुकीत हरून निमूटपणे किल्ल्या देण्याची वहिवाट त्या देशात नव्हती. ती त्या दिवशी पडली. ब्रिटिश फौजेने 1814 च्या ऑगस्टमध्ये संसदभवन जाळले, तरी महिन्याभरात दुसऱ्या इमारतीत सभा भरली आणि त्या सालच्या निवडणुका तहकूब झाल्या नाहीत.

त्या गणराज्याला मी आदर्श मानतो असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. लाखो माणसे तेथे गुलाम होती, आणि मताचा हक्क बहुतेक ठिकाणी गोऱ्या, तोही मालमत्ताधारक पुरुषांपुरता होता. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली ती गुलामांची मुक्तता झाल्यानंतर, आणि त्या मुक्ततेसाठीच. आमची गोष्ट नेमकी उलट आहे. येथे मत प्रत्येक प्रौढाला, स्त्रीला आणि निर्वासितालाही, पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मिळाले. निश्चित राहिला नाही तो ते मत टाकण्याचा दिवस.

आणि दिवस हुकला की काय होते हे येथील रहिवाशाला शिकवावे लागत नाही. महानगरपालिकेत आयुक्त अंदाजपत्रक मांडतो, स्थायी समिती व सर्वसाधारण सभा ते तपासून मंजूर करते. सभागृह नसताना नेमलेल्या प्रशासकाच्या काळात मांडणारा आणि मंजुरी देणारा एकच होतो. कायदे करण्याचा, ते राबवण्याचा आणि न्याय देण्याचा अखत्यार एका हाती एकवटणे यालाच अमेरिकी घटनाकार मॅडिसन यांनी जुलूम म्हटले होते, मग तो हात एकाचा असो वा अनेकांचा, वारशाने आलेला असो वा निवडून आलेला. प्रशासक व्यक्तिशः कर्तबगार आणि प्रामाणिक असेल. पण तुंबलेल्या गटाराची किंवा न येणाऱ्या पाण्याची तक्रार घेऊन ज्याच्या दारी रात्री नऊला जाता येते आणि ज्याला पुढच्या खेपेस पाडता येते, असा माणूस वस्तीतून नाहीसा होतो. जेफर्सन यांनी 1816 मध्ये आपल्या एका मित्राला लिहिताना प्रत्येक परगण्याचे लहान लहान प्रभाग पाडावेत आणि तेथील रस्ता, शाळा, गरिबांची देखभाल ही कामे तेथल्याच लोकांनी करावीत, असा आग्रह धरला होता. अशा लहान कारभारात रोज भाग घेणारा माणूस आपली सत्ता सहजासहजी हिरावू देणार नाही, अशी त्यांची खात्री होती. ते प्रभाग त्यांना हयातीत लाभले नाहीत. आमच्याकडे प्रभाग आहेत, त्यांचे नकाशे आहेत, आणि त्या नकाशांपायीच निवडणुका अडल्या.

लोकहितवादींनी 'प्रभाकर' साप्ताहिकातील पत्रांत, 1857 च्याही आधी, हिंदुस्थानात पार्लमेंट मागण्याची गोष्ट अमेरिकेचा दाखला देत लिहिली होती. त्यामानाने माझी मागणी फार लहान आहे. मुदतीच्या पाचव्या वर्षातील मतदानाचा दिवस राज्याच्या कायद्यातच लिहिलेला असावा, उदाहरणार्थ फेब्रुवारीचा दुसरा रविवार. प्रभागरचना आणि आरक्षण त्याच्या एक वर्ष आधी कायम व्हावे. आणि ते झाले नाही तर मागील रचनेवरच मतदान घ्यावे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथे आता नवी सभागृहे निवडून आली आहेत. त्यांनी या मागणीचा ठराव करून शासनाकडे पाठवावा, आणि तो आताच पाठवावा, कारण मुदत संपत आल्यावर असा ठराव करण्यास कोणाचेही मन सहसा धजत नाही.