संगणक कक्षाचे पासवर्ड शाळेच्या ताब्यात द्या

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद

महोदय,

३५ मिनिटांच्या तासिकेत एकेका संगणकापाशी जाऊन तो सुरू करायचा, पासवर्ड टाकायचा, पेनड्राइव्हने फाइल चढवायची (व्हायरसही त्याच वाटेने रांगभर फिरतो), मग उरलेल्या वेळात शिकवायचे. हेच काम शिक्षकाच्या टेबलावरून करता येते. व्हेयॉन हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते. सगळे स्क्रीन एकत्र दिसतात, शिक्षकाचा स्क्रीन मुलांसमोर आणता येतो, सूचना देताना कीबोर्ड-माउस रोखता येतात, तास संपला की सर्व संगणक एकदम बंद करता येतात. इंटरनेट लागत नाही, कक्षातले लॅन पुरते.

अडते ते पासवर्डपाशी. कक्ष उभारणाऱ्या ठेकेदाराचा करार संपतो, त्याचा माणूस फोन उचलेनासा होतो आणि अ‍ॅडमिन पासवर्ड त्याच्याबरोबरच जातो. शाळेच्या मालकीच्या संगणकावर शाळेलाच काही बसवता येत नाही! म्हणून आमची मुख्य मागणी अशी, की अ‍ॅडमिन व बायोसचे (संगणकाच्या मूळ सेटिंगचे) पासवर्ड सीलबंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे जमा झाल्याखेरीज ठेकेदाराचे अखेरचे बिल काढू नये. बायोसचा आग्रह उगाच नाही. शॉर्टसर्किटच्या भीतीने बहुतेक शाळा रात्री मेन स्विच बंद करतात, ते योग्यच आहे. पण मग लॅनवरून संगणक जागे करता येत नाहीत. वीज आली की आपोआप सुरू होण्याची सोय बहुतेक संगणकांत असते, ती बायोसमध्येच लावावी लागते.

तुटलेल्या लॅन केबल व बंद पडलेले नेटवर्क स्विच दुरुस्त करण्यास शाळा अनुदानातून खर्चाची स्पष्ट परवानगी द्यावी. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. म्हणून त्यावर चालणारे जुने संगणक भंगारात काढण्याआधी त्यांवर लिनक्स चालवू द्यावे.

एक बंधन आम्ही स्वतःवरही मागतो. मुलांचे स्क्रीन पाहणे ही पाळत ठरू नये. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्यामुळे स्क्रीन फक्त तासिकेत, मुलांना सांगून पाहावा. काहीही रेकॉर्ड करू नये. व्हेयॉनची खासगी की (स्क्रीन पाहू देणारी डिजिटल किल्ली) शिक्षकाच्याच संगणकावर राहावी, ठेकेदाराला बाहेरून प्रवेश नसावा.

पासवर्ड हस्तांतरणासाठी नवी निविदा लागत नाही, एक परिपत्रक पुरेल. ते येत्या सत्रापूर्वी काढावे, ही विनंती.

आपले,
तालुक्यातील संगणक शिक्षक